जुनं नाणं आणि मोबाईलवरचा बाजार

आज बोलायचं आहे जुन्या नाण्यांबद्दल. कुणी म्हणेल, नाण्यांचा आणि आपला काय संबंध? पण शहागंज, सराफा, सिटी चौक या भागातल्या कुठल्याही जुन्या घरात विचारा. देवघरातल्या डबीत, नाहीतर कपाटात तळाशी लाल कापडाच्या पुरचुंडीत, दोन-चार जुनी नाणी निघतातच. लक्ष्मीपूजनाला ती ताटात मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा डबीत ठेवायची. कुणाच्या सासूबाईंनी दिलेली, कुणाला आजोळाहून आलेली.

दुसरीकडे मोबाईलवर रोज जाहिरात दिसते: हे पाच रुपयांचं नाणं तुमच्याकडे असेल तर पाच लाख मिळवा. घरातल्या खऱ्या नाण्याची किंमत आपल्याला माहीत नसते आणि मोबाईलवर खोट्या किमतीचा सुळसुळाट असतो. या दोन्हींच्या मध्ये बायकांची बचत बुडते. म्हणून आज तीन गोष्टी समजून घेऊ: नाण्याची किंमत कशावर ठरते, मोबाईलवरून घेताना-विकताना काय सांभाळायचं, आणि कायदा काय सांगतो.

आपल्या मातीत रोमचं नाणं कुठून आलं?

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय किंमत कळत नाही. पैठण आपल्या शहरापासून फार तर दीड तासावर. सातवाहनांची ही राजधानी, जुनं नाव प्रतिष्ठान. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, जुनं नाव तगर. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी प्रवासाच्या पुस्तकात या दोन्ही गावांची नावं आहेत. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड आणि तेरहून कापड गाड्यांमध्ये भरून भडोचच्या बंदरावर जायचं आणि तिथून जहाजाने रोमच्या साम्राज्यात.

बदल्यात सोन्या-चांदीची नाणी यायची. रोममधला प्लिनी नावाचा लेखक तक्रार करतो की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी आपले दहा कोटी सेस्टर्स घेऊन जातात, आणि याचा दोष तो चैनीला आणि बायकांच्या हौसेला देतो. दोन हजार वर्षांपूर्वीही खापर बायकांच्याच डोक्यावर!

भारतात रोमन नाणी सर्वांत जास्त सापडली ती दक्षिणेत, म्हणजे तमिळनाडू, केरळ, आंध्र आणि तेलंगणात. ऑगस्टस आणि तिबेरियस या दोन सम्राटांची चांदीची नाणी त्यांत फार. तिबेरियसच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली एक स्त्री असते. भारतात सापडलेल्या कितीतरी रोमन सोन्याच्या नाण्यांना भोक पाडलेलं किंवा वर कडी लावलेली दिसते. म्हणजे आपल्या बायकांनी ती गळ्यात घातली. आपल्या पुतळीच्या माळेची गोष्टही अशीच आहे. पुतळी हे मुळात इटलीतल्या व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं, साधारण साडेतीन ग्रॅमचं. त्यावर माणसांच्या आकृती होत्या, म्हणून आपल्याकडे त्याला पुतळी म्हणू लागले. पुढे आपल्या सोनारांनी तशाच टिकल्या घडवल्या आणि नाव कायम राहिलं.

जुनं म्हणजे महाग, असं नसतं

ही आजच्या बोलण्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नाण्याचं वय आणि नाण्याची किंमत यांचा थेट संबंध नाही. किंमत तीन गोष्टींवर ठरते: तसं नाणं किती उरलं आहे, त्याची अवस्था कशी आहे, आणि ते हवं असणारे किती जण आहेत.

उदाहरण घ्या. रोमच्या कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या काळातली, म्हणजे चौथ्या शतकातली तांब्या-काशाची छोटी नाणी. वय सोळाशे-सतराशे वर्षं. पण ती इतकी पाडली गेली आणि युरोपात जमिनीतून इतकी निघाली, की तिकडचे व्यापारी झिजलेली नाणी मूठभर एकत्र करून स्वस्तात विकतात. आपल्याकडे सातवाहनांची शिशाची आणि मिश्रधातूची छोटी नाणीही अशीच. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडलेलं उज्जैन चिन्ह. अक्षरं पुसलेलं, कडा तुटलेलं असं नाणं साध्या पगारदार माणसालाही परवडतं. तेच राजाचं नाव स्वच्छ वाचता येत असेल तर भाव कितीतरी पट चढतो.

आता आपल्या घरातलं नाणं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडे हाली सिक्का फार सापडतो. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा तेव्हा हिशोब असे. चारमिनारचं चित्र असलेला हा चांदीचा रुपया साधारण ११.१८ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी सुमारे ९ ग्रॅम. इंग्रजांचा व्हिक्टोरिया, एडवर्ड किंवा पंचम जॉर्जचा कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून इंग्रजांनी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, त्याच दशकात हैदराबादच्या रुपयातही ती घटली. १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. हे आकडे लिहून ठेवा. सराफ्यात गेल्यावर त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणाकार केला की नाण्याची किमान किंमत निघते. त्याहून कमी कुणी देत असेल तर नाणं परत डबीत ठेवा. बहुतेक हाली आणि कलदार रुपयांना या चांदीच्या किमतीपेक्षा थोडंच जास्त मिळतं. काही ठराविक साल आणि टांकसाळीची नाणी मात्र दुर्मिळ असतात, म्हणून वितळवायला देण्याआधी साल वाचून घ्यायचं.

साल वाचताना एक चूक हमखास होते. हाली नाण्यावर १३२९ असा आकडा दिसला की लोक म्हणतात, बापरे, सातशे वर्षांपूर्वीचं! तो आकडा हिजरी सनाचा असतो. हिजरी १३२९ म्हणजे इसवी सन १९११. आकडे उर्दू लिपीत असतात, पण आपल्या शहागंजात उर्दू वाचणारी माणसं शेजारीपाजारी असतात. कुणा आपाला, कुणा चाचांना दाखवलं की दोन मिनिटांत काम होतं.

फसवणूक कशी होते

४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेने लोकांना सावध करणारं पत्रक काढलं. काही लोक रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, कमिशन किंवा कर मागत होते. बँकेने स्पष्ट सांगितलं की आम्ही असे व्यवहार करत नाही, असं शुल्क घेत नाही आणि आमच्या नावाने ते घेण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही.

हा डाव कसा चालतो ते पाहा. तुम्ही नाण्याचा फोटो टाकता. लगेच फोन येतो, बोलणं गोड असतं. ताई, तुमच्या नाण्याचे तीन लाख देतो. आधी नोंदणीचे साडेसातशे भरा. ते भरले की जीएसटीचे पाच हजार. मग प्रमाणपत्राचे, मग रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे, मग पैसे घेऊन निघालेल्या माणसाच्या गाडीभाड्याचे. दर वेळी वाटतं, एवढे गेलेच आहेत, आता थोड्यासाठी तीन लाख कशाला सोडायचे? याच विचारावर त्यांचा धंदा चालतो. साधा नियम लक्षात ठेवा: विकणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात. खरा गिऱ्हाईक तुमच्याकडे आगाऊ शुल्क मागत नाही.

दुसरा डाव क्यूआर कोडचा. पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका, असं सांगतात. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

तिसरा प्रकार खोट्या नाण्यांचा. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, अर्धा आणा, साल १८१८, आणि मागे राम-सीता किंवा हनुमान: असं नाणं कितीतरी घरांत आहे. कंपनीने राम-सीता किंवा हनुमानाची अशी अर्ध्या आण्याची नाणी कधीच पाडली नाहीत. हे यात्रेत, देवळाबाहेर विकले जाणारे टोकन आहेत. पूजेत ठेवायला काही हरकत नाही, पण त्याचे लाखो रुपये मिळत नाहीत. वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी खरी आहेत, २०१२ साली निघालेली. पण तीही भरपूर निघाली, त्यामुळे त्यांचा भाव लाखात जाईल ही आशा सोडून द्या. तांदळाचे दाणे ओढणारं नाणं, ज्याला राईस पुलर म्हणतात, हा तर निव्वळ हातचलाखीचा खेळ आहे, आणि त्यात शिकलेल्या माणसांनीही लाखो रुपये घालवले आहेत.

चौथा प्रकार आपल्या भागात जुना आहे. खोदकामावर सोन्याची नाणी सापडली, गरज आहे म्हणून स्वस्तात देतो, असं सांगत कुणी येतं. एक नाणं तपासायला देतात, ते खरं सोनं निघतं. मग पैसे घेऊन बोलावतात आणि पितळेची पिशवी हातात ठेवतात.

खोट्या नाण्याचा इतिहासही आपल्या दाराशीच आहे. दौलताबादला राजधानी आणणाऱ्या मुहम्मद तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास चांदीच्या टंक्याऐवजी पितळ-तांब्याची नाणी चालवली, त्यांतली काही दौलताबादच्या टांकसाळीत पाडलेली आहेत. बरनी हा त्या काळचा इतिहासकार लिहितो की घरोघर टांकसाळी सुरू झाल्या. लोकांनी इतकी बनावट नाणी केली की सुलतानाला ती नाणी मागे घ्यावी लागली. आज तुघलकाचं ते नाणं संग्राहक आवडीने घेतात.

घरच्या घरी तपासणी

पहिलं काम वजन. सोनाराकडच्या बारीक काट्यावर नाणं ठेवून ग्रॅम लिहून घ्या. कलदार रुपया झिजून ११.४ ग्रॅम झाला तर समजू शकतं, पण ९ ग्रॅम भरला तर काहीतरी गडबड आहे.

दुसरं, लोहचुंबक. चांदी, सोनं, तांबं, शिसं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत दुसरा धातू आहे.

तिसरं, कड. जुनी नाणी ठशावर घण मारून किंवा यंत्राने दाबून पाडलेली असतात. बनावट नाणी बऱ्याचदा साच्यात ओततात. ओतलेल्या नाण्याच्या कडेला दोन भाग जोडल्याची बारीक रेघ दिसते, आणि भिंगातून पाहिलं तर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे दिसतात. अक्षरंही साबण झिजल्यासारखी गुळगुळीत वाटतात. दोन ‘प्राचीन’ नाण्यांवर तोच ओरखडा, तेच टवके त्याच जागी असतील तर दोन्ही एकाच साच्यातली. शिवरायांच्या सोन्याच्या होनाच्या बाबतीत तर डोळे झाकून सावध राहा. राज्याभिषेकाच्या वेळचा, १६७४ चा खरा होन अत्यंत दुर्मिळ आहे. मोबाईलवर चारशे-पाचशे रुपयांत मिळतो तो पितळेचा नमुना. तांब्याची शिवराई मात्र पुष्कळ काळ पाडली गेली आणि चालत राहिली, म्हणून ती खरी असूनही परवडते.

आणि एक हात जोडून सांगणं: नाणं घासू नका. आपला हात भांड्यांना सरावलेला असतो. काळं-हिरवं दिसलं की चिंच, लिंबू, पितांबरी आलीच. तांब्यावरचा तो हिरवट-तपकिरी थर शेकडो वर्षांत तयार झालेला असतो आणि नाण्याला जपत असतो. तो घासला की अक्षरं जातात आणि भावही जातो. शिशाच्या नाण्याला हात लावल्यावर हात साबणाने धुवा, मुलांच्या हाती देऊ नका. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं ठेवू नका, त्याने चिकट हिरवा डाग पडतो. साध्या कोरड्या कागदी पाकिटात एकेक नाणं वेगळं ठेवलं तर उत्तम.

विकताना आणि घेताना

विकायचं असेल तर दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. वजन लिहा. जे ठाऊक आहे तेवढंच लिहा, ‘अति दुर्मिळ’ असं आपण लिहू नये. भाव ठरवण्याआधी निदान तीन ठिकाणी विचारा: एक सराफ, एक नाण्यांचा व्यापारी आणि एक जाणकार संग्राहक. तसंच नाणं कुणी कितीला मागतो आहे ते पाहून भाव ठरवू नका, मागायला काय, कुणीही काहीही मागेल. लिलावात ते खरोखर कितीला गेलं, तो आकडा पाहा. नाणं मौल्यवान वाटलं तर मुंबई-बंगळुरूची परवानाधारक लिलावगृहं आहेत. ती विक्रीतून कमिशन कापतात, पण छापील यादी आणि हिशोब देतात. पैसे खात्यात जमा झाल्याचं बँकेच्या ॲपमध्ये स्वतः पाहिल्याशिवाय नाणं पोस्टात टाकू नका. समोरच्याने पाठवलेला ‘पैसे भरले’ असा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. पाठवताना विमा उतरवून पाठवा.

घ्यायचं असेल तर छोट्यापासून सुरुवात करा. शंभर-दोनशे रुपयांची शिवराई, एखादा हाली पैसा घ्या, हात आणि डोळा तयार होऊ द्या. विकणाऱ्याला पक्कं बिल मागा, त्यावर नाण्याचं वर्णन आणि खोटं निघाल्यास परत घेण्याची हमी लिहून घ्या. नाणं कुठून आलं ते विचारा. ‘शेतात सापडलं’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. का, ते आता सांगते.

कायदा काय म्हणतो

घर बांधताना पाया खोदला, शेतात नांगर अडकला आणि नाण्यांचं गाडगं लागलं, तर ते आपलं होत नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत सापडलेल्या वस्तूंची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कळवलं तर हक्कही मिळतो. धन बेवारस ठरलं तर सामान्यतः तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा, आणि सरकारने ते ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त धरून मोबदला द्यायचा असतो. म्हणजे रोजंदारीवर खणणाऱ्या बाईलाही कायद्याने वाटा आहे. हे आपल्या मजूर बहिणींना आवर्जून सांगा.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं ही पुरावस्तू. ते वारशाने आलेलं असेल तर घरात ठेवायला बंदी नाही. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायचा असेल तर परवाना लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचं: असं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक डॉलर देतो म्हणाला, म्हणून आजीचा हिजरी १३२९ चा रुपया पोस्टाने पाठवला, तर तो गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड. अमेरिकेतल्या लेकीला आठवण म्हणून बॅगेत घालून देणं हेही त्यातच येतं.

हा कायदा इतका कडक का? १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. क्षत्रप राजा नहपानाची ती नाणी. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव सातकर्णीने केला याचा असा धडधडीत पुरावा हातात आला, कारण तो साठा एकत्र पाहता आला. तीच नाणी दहा-दहा करून विकली गेली असती, किंवा वितळून पैंजण झाली असती, तर आपल्याला काय कळलं असतं? नाणं कुठे, कशाबरोबर सापडलं, हे एकदा हरवलं की कितीही पैसे देऊन परत मिळत नाही.

शंका असेल तर विचारायला जागा आहेत. आपल्या विद्यापीठाचं इतिहास वस्तुसंग्रहालय, पैठण आणि तेरची संग्रहालयं, पुरातत्त्व खात्याचं कार्यालय. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाने ती उभी केली. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

आणि फसवणूक झालीच, तर लाजू नका, घरच्यांपासून लपवू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेतच थांबवण्याची शक्यता जास्त. फोन क्रमांक, संदेश, पैसे भरल्याची पावती काही पुसू नका, तोच पुरावा.

या आठवड्यात एवढं करा. घरातली नाणी काढा, वजन करून साल वाचा, आणि एका वहीत लिहा: हे नाणं कुणाकडून, कधी आलं. सासूबाई, आजी बसल्या असतील तर त्यांनाच विचारा आणि त्या सांगतील तसं लिहून घ्या. उद्या विकायची वेळ आली तर ती वही तुमच्या बाजूने बोलेल. आणि विकायची वेळ आली नाही, तर पुढच्या दिवाळीत ताटात नाणी मांडताना लेकीला सांगायला त्यांची गोष्ट असेल.